घोडामासा ओळखायचा तर रंग सोडा, हाडं पाहा

नागपूर, भंडारा, गोंदिया, कुठूनही निघा, समुद्र पाहायचा म्हणजे रात्रभर रेल्वेत बसावं लागते, तरीही आमच्याकडल्या पोट्ट्यांना घोडामासा चांगला माहीत आहे, कारण मोबाईल. नर बाळंत होतो हा व्हिडिओ गावातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर येऊन गेलेला आहे. पण त्याखाली जे लिहिलेलं राहते ते निम्मं खरं आणि निम्मं काहीही, फोटो एका जातीचा, नाव दुसऱ्या जातीचं आणि माहिती तिसऱ्याच जातीची. पिवळा दिसला का लगेच ‘येलो सीहॉर्स’, काळा दिसला का ‘ब्लॅक सीहॉर्स’, जणू दोन वेगळे मासे आहेत. बहुतेक वेळा तो एकच मासा राहते, आणि हेच आज नीट समजावून सांगायचं आहे का घोडामाशाची जात रंगावरून ठरत नाही, ती त्याच्या हाडांवरून ठरते.

सगळ्या जाती एकदम घेतल्या तर डोक्यात गोंधळच होईल म्हणून मी मुख्य एकच घेतो, हिप्पोकॅम्पस कुडा. सामान्य घोडामासा म्हणतात तो हाच. पीटर ब्लीकर नावाचे डच डॉक्टर होते, इंडोनेशियाकडे नोकरी करता करता त्यांनी माशांचा प्रचंड अभ्यास केला, त्यांनी १८५२ साली सिंगापूरकडच्या नमुन्यावरून या जातीचं वर्णन लिहिलं. आपल्या देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर ही जात नोंदलेली आहे, तमिळनाडूकडे पाल्कचा उपसागर आणि मन्नारचं आखात हे घोडामाशांचे मोठे पट्टे, आणि तिथून पुढे आग्नेय आशिया, जपानपर्यंत ही पसरलेली आहे. उथळ पाणी, खाडी, खारफुटी आणि समुद्री गवताचे पट्टे, अशा जागी ती शेपटीने गवताची काडी धरून उभी राहते.

पहिले हे पक्कं करून घेऊ का हा मासाच आहे. कल्ल्यांनी श्वास घेतो, पोटात हवेची पिशवी आहे जिच्यामुळे तो पाण्यात पाहिजे तेवढ्या खोलीवर तरंगतो, आणि पाठीचा कणाही आहे. फक्त अंगावर खवले नाहीत. खवल्यांच्या जागी कातडीखाली हाडांची कडी आहेत, एकाखाली एक, मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत, आणि वरून पातळ कातडी ताणलेली. पाठीवर एक छोटा पर राहते तो सेकंदाला तीसेक वेळा, कधी त्याहूनही जास्त फडफडतो आणि त्याच्या जोरावर हा उभ्याउभ्या पुढे सरकतो, गालाजवळचे दोन बारीक पर दिशा सांभाळतात. शेपटीला पर नाहीच, आणि बाकी माशांना पोटाखाली जी पराची जोडी राहते तीही नाही. २०१६ साली टायगर टेल नावाच्या जातीचा पूर्ण जीनोम, म्हणजे तिच्या सगळ्या जीन्सचा नकाशा, वाचला गेला तेव्हा दिसलं का टीबीएक्स-४ नावाचं जीन घोडामाशात नाहीच आहे, मग संशोधकांनी झेब्राफिश या छोट्या माशात तेच जीन बंद करून पाह्यलं तर त्याचेही पोटाखालचे पर गायब झाले. म्हणजे पर का नाहीत याचं कारण थेट हातात आलं. दातांवरचं इनॅमल बनवायला लागणारी काही जीन्सही त्याच अभ्यासात हरवलेली सापडली, आणि घोडामाशाला दात नाहीतच.

आता ओळख.

आमच्याकडे मामा तलावावर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांवर, जाळं टाकणारे ढीवर लोक मासोळीची जात सांगताना रंगावर कधीच जात नाहीत. पाणी गढूळ असलं का रंग बदलते, मासोळी मेली का रंग बदलते. ते पाहतात का कतल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं आहे, रोहूच्या ओठाला झालर आहे, मृगळचे ओठ पातळ आहेत, आणि हातात घेतल्या घेतल्या सांगून टाकतात. घोडामाशाचा अभ्यास करणारेही नेमकं हेच करतात, फक्त पाहायच्या जागा वेगळ्या आहेत.

रंगाचं सांगायचं तर घोडामाशाच्या कातडीत रंगाच्या पेशी आहेत आणि त्या आकुंचन-प्रसरण पावून रंग बदलवतात. कुडा बरेचदा काळपट, खरबरीत दिसतो, कधी पिवळा, कधी साईच्या रंगाचा आणि त्यावर मोठे गडद ठिपके, ठिपकेवाल्यांत माद्या जास्त दिसतात. आजूबाजूला गवत कसं आहे, नर-मादी जवळ आले आहेत का, मासा घाबरलेला आहे का, सगळ्याचा रंगावर परिणाम होतो. अंगावर शेवाळ चढते, कातडीचे धागे निघतात. आणि मासा वाळला का तर सगळंच संपलं, वरून व्यापारात पांढरा दिसावा म्हणून ब्लीच करतात ते वेगळंच. उरतात ती हाडं.

सगळ्यात भरवशाचं काम म्हणजे कडी मोजणं. धडाची मोजणी गालाजवळच्या पराचं बूड ज्या कड्यावर आहे तिथून सुरू करायची आणि मागच्या बारीकशा गुदपराच्या अगदी आधीच्या कड्यावर थांबवायची, तिथून पुढे शेपटी. कुडाला धडात ११ कडी. पण आपल्या किनाऱ्यावर भेटणाऱ्या इतर जातींनाही धडात साधारण ११ च, म्हणून धड मोजून फारसं काही हाती लागत नाही, खरा फरक शेपटीत आहे. कुडाच्या शेपटीत ३६ च्या आसपास, म्हणजे ३४ ते ३८ कडी. तीन ठिपक्यांचा जो घोडामासा आहे, हिप्पोकॅम्पस ट्रायमॅक्युलेटस, त्याच्या शेपटीत बहुतेक वेळा ४० किंवा ४१. आणि आपल्या किनाऱ्यावरचा सगळ्यात मोठा म्हणजे केलॉगी, त्याचीही ४० च्या जवळपास. शेपटीच्या टोकाला कडी इतकी बारीक होत जातात का नुसत्या डोळ्याने शेवटची पाच-सहा चुकतातच, भिंग घ्या किंवा फोटो झूम करून सुई फिरवत मोजा, आणि दोनदा मोजा.

मग डोकं. डोक्यावर हाडाचा एक उंचवटा राहते त्याला मुकुट म्हणू. कुडाचा मुकुट बुटका ते मध्यम, मागच्या बाजूला कललेला, आणि वरून बऱ्याचदा थोडा खोलगट. तीन ठिपकेवाल्याचा मुकुट इतका बसका का मानेच्या रेषेतच मिसळून जाते, वर पाच बारीक टोकं तेवढी जाणवतात. केलॉगीचा उंच.

त्यानंतर काटे, आणि हे सगळ्यांत सोपं आहे कारण बोट फिरवूनही कळते. कुडाच्या अंगावर टोकदार काटे नाहीत, कड्यांच्या जोडावर नुसते बोथट उंचवटे. गालावरचा काटासुद्धा गोलसर. तीन ठिपकेवाल्याचं अंग याहूनही गुळगुळीत, पण गालावर आणि डोळ्याच्या वर आकड्यासारखा वळलेला टोकदार काटा, हा दिसला का कुडा बाद. त्याच्या पाठीच्या बाजूला पहिल्या, चौथ्या आणि सातव्या कड्यावर तीन गडद ठिपके असतात म्हणून त्याचं हे नाव पडलं, पण ते ठिपके प्रत्येकात दिसतीलच असं नाही, काहींच्या अंगावर तर झेब्र्यासारखे पट्टे असतात, म्हणून ठिपके नाहीत म्हणजे ती जात नाही असं कोणी सांगितलं तर मान्य करू नका, गालावरचा तो वळलेला काटा पाहा. हिस्ट्रिक्स नावाची जात आहे तिच्या अंगभर लांब अणकुचीदार काटे आणि टोकं गडद. स्पायनोसिसिमसलाही काटे भरपूर, पण लहान-मोठे मिसळलेले.

शेवटची खूण तोंडाच्या नळीची, आणि इथे थोडं गणित आहे पण पाचवीचं. नळीची लांबी मोजा, पूर्ण डोक्याची लांबी मोजा, डोक्याच्या लांबीला नळीच्या लांबीने भागा. कुडात उत्तर २.३ च्या जवळपास येते, म्हणजे नळी डोक्याच्या निम्म्याहून थोडी कमी. हिस्ट्रिक्समध्ये २ च्या खाली येते, म्हणजे नळी निम्म्याहून जास्त लांब. भागाकाराचा फायदा हा का मासा लहान असो का मोठा, पूर्ण वाढ झालेल्या माशांमध्ये हे प्रमाण साधारण टिकून राहते, आणि फोटोवरूनही काढता येते, फक्त फोटो अगदी बाजूने काढलेला पाहिजे. पिल्लांमध्ये मात्र हे सगळं डळमळते, त्यांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, काटे जास्त टोकदार, मुकुट उंच, त्यामुळे एखाद्या बारक्या पिल्लाचा फोटो पाहून छातीठोकपणे जात सांगणं बरोबर नाही.

उंची मोजायची तर मुकुटाच्या टोकापासून सरळ केलेल्या शेपटीच्या टोकापर्यंत. कुडा साधारण वितीत मावते, केलॉगी एक फुटाच्या जवळ जाते.

यातली एकच खूण घेऊन निकाल द्यायचा नाही. कडी, मुकुट, गालाचा काटा, नळी, चारही एकाच जातीकडे बोट दाखवत असतील तरच नाव घ्यायचं. तज्ज्ञांनाही कुडाने वर्षानुवर्षं त्रास दिलेला आहे, कारण कुडासारखे दिसणारे मासे आफ्रिकेपासून पॅसिफिकपर्यंत आहेत आणि वेगवेगळ्या लोकांनी त्यांना ढीगभर नावं देऊन ठेवली होती. २०१६ साली सारा लॉरी, रायली पोलम आणि सारा फोस्टर यांनी जगभरातल्या नावांची छाननी करून ४१ जाती पक्क्या धरल्या, बाकी बरीचशी नावं एकाच जातीची दुसरी-तिसरी नावं निघाली. त्यानंतरही काही नवीन जाती सापडल्याच, त्यात जपानमधली आणि दक्षिण आफ्रिकेतली अगदी बारकी मंडळी आहे.

या कड्यांचा माशाला स्वतःला काय उपयोग, हे मला खूप आवडते सांगायला. घोडामाशाची शेपटी कापून पाह्यली तर ती गोल नाही, चौकोनी आहे, आणि प्रत्येक कडं चार कोपऱ्यांवरच्या चार हाडपट्ट्यांचं बनलेलं, पट्ट्या एकमेकींवर सरकतात. अमेरिकेत मायकेल पोर्टर आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१५ साली थ्रीडी प्रिंटरवर चौकोनी आणि गोल अशा दोन्ही शेपट्या बनवून दाबून-पिळून पाह्यल्या, तर चौकोनी शेपटी दाब जास्त सहन करते, पिळल्यावर परत जागेवर येते आणि वस्तूला पकडताना तिचा जास्त भाग टेकतो. पोहण्यात हा मासा कच्चा आहे, प्रवाह आला का वाहून जाईल, म्हणून गवताची काडी घट्ट धरणं हेच त्याचं जगणं आहे. जिथे समुद्री गवत ओरबाडलं गेलं तिथून घोडामासा जाणारच, दुसरीकडे पोहून जाण्याची ताकद त्याच्यात फार नाही.

खाणं म्हणजे बारीक कोळंबीसारखे जीव. पोट, म्हणजे जठर, नाहीच, अन्न सरळ आतड्यात, त्यामुळे दिवसभर खात राहावं लागते. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशेला फिरतात, एका जागी उभं राहून भक्ष्य शोधायचं, आणि ते जवळ आलं का मान झटक्यात वर करून नळीतून ओढून घ्यायचं, हे सगळं सेकंदाच्या काही हजाराव्या भागात होते. २०१३ साली बटु घोडामाशावर झालेल्या अभ्यासात दिसलं का डोक्याच्या आकारामुळे नळीच्या टोकाजवळचं पाणी जवळजवळ हलतच नाही, म्हणून बारक्या जीवाला चाहूल लागत नाही, आणि शांत पाण्यात दहातले नऊ झटके यशस्वी होतात.

आणि आता तो बाळंतपणाचा विषय, कारण त्यातच जास्त चुकीचं पसरलेलं आहे. नर अंडी देतो असं लिहिलेलं राहते ते खोटं. अंडी मादीचीच. मादी आणि नर काही वेळ सोबत फिरतात, शेपट्या गुंतवतात, मग मादी आपल्या नळीसारख्या अवयवातून अंडी नराच्या पोटाखालच्या पिशवीत सोडते आणि नर तिथे ती फलित करतो. नर कोणाला म्हणायचं हे शुक्राणू कोण बनवते त्यावर ठरते, पोटात कोण वाढवते त्यावर ठरत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तर गोंधळ होत नाही. मोठ्या नराला धडाच्या खाली, शेपटीच्या सुरुवातीला ही पिशवी बाहेरूनही दिसते, मादीला ती नाही. पण ही खूण नर-मादीची आहे, जातीची नाही, पिशवी पाहून कुडा का दुसरा कोणी ते कळणार नाही.

ती पिशवी नुसती थैली नाही. अंडी आत आली का तिचं अस्तर जाड होते, त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं वाढते आणि एकेक अंडं त्या अस्तरात रुतून बसते. बाप तिथून प्राणवायू पुरवतो, पिशवीतल्या पाण्यातलं मीठ सांभाळतो, सुरुवातीला ते माशाच्या अंगातल्या पाण्यासारखं आणि जसजसे दिवस भरत येतात तसतसं बाहेरच्या समुद्रासारखं खारट होत जाते, म्हणजे पिल्लं बाहेर पडल्यावर त्यांना एकदम धक्का बसू नये. यात प्रोलॅक्टिन नावाचा हार्मोन काम करतो, जो बाईच्या अंगावर दूध येण्याशी जोडलेला आहे तोच. कुडात हा काळ साधारण तीन ते चार आठवड्यांचा, पाणी गरम असलं का लवकर. मग कळा येतात, नर अंग वाकवून-वाकवून पिल्लं बाहेर ढकलतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तिथल्या मोठ्या पोटाच्या जातीत तपासलं तर कळलं का आपल्यात गर्भाशय जसं आपोआप आकुंचन पावते तसं त्या पिशवीत होत नाही, गुदपराजवळच्या हाडांना जोडलेले स्नायू आहेत त्यांच्या जोरावर नर पिशवीचं तोंड उघडतो.

एका वेळेला काहीशे पिल्लं, मोठा नर असला तर हजाराच्या वरही. जन्मतःच आकार घोडामाशाचाच, लांबी सात मिलिमीटरच्या आसपास, आणि त्या क्षणापासून आईबाप कोणी पाहत नाही. पाण्याबरोबर वाहत जातात, इतर मासे खातात, हजारात पाच तरी मोठे होतात का नाही असा अंदाज आहे. म्हणूनच पोटुशी असलेला एक नर जाळ्यात गेला तर पिशवीतली सगळी पिल्लंही गेली.

आणि जाळ्यात ते जातातच. कोळंबीसाठी तळ खरवडणारे ट्रॉलर समुद्री गवतावरून फिरतात त्यात घोडामासे आपसूक येतात. २०१७ साली घोडामासे वाचवण्यासाठी काम करणाऱ्या प्रोजेक्ट सीहॉर्स या गटाच्या अभ्यासकांनी २१ देशांचा हिशोब मांडला तो वर्षाला अंदाजे ३ कोटी ७० लाख घोडामाशांचा. एकेका बोटीला रोजचे एक-दोनच मिळतात, पण बोटी किती आहेत ते पाहा. त्यातले कितीतरी वाळवून चीनच्या पारंपरिक औषधांसाठी जातात, आणि तिथे गुळगुळीत, फिकट, मोठा मासा जास्त किंमतीचा. म्हणजे गुळगुळीत अंगाच्या कुडावरही डोळा असतोच. धोक्यातल्या जीवांची जी जगभरची यादी आहे तिच्यात ही जात असुरक्षित गटात टाकलेली आहे.

इथेच जात ओळखणं कामाचं ठरते. २००२ साली सायटिस करारात, म्हणजे जंगली जीवांच्या देशादेशांमधल्या व्यापारावरच्या करारात, सगळे घोडामासे घेतले गेले आणि २००४ च्या मे महिन्यापासून देशांमधल्या व्यापारावर नियम लागू झाला, दहा सेंटिमीटरहून लहान मासा व्यापारात नको अशी शिफारसही झाली. कागदावर जात लिहावी लागते, आणि पोत्यात वाळलेला माल असला तर कस्टमच्या माणसाकडे कडी आणि काटे मोजण्याशिवाय दुसरा उपाय राहत नाही. भारतात तर त्याहून कडक आहे, २००१ साली घोडामासे आणि त्यांचे नळीमासे भाऊबंद यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकलं, आपला ताडोबाचा वाघ तेव्हा ज्या अनुसूचीत होता त्याच. पकडणं, विकणं, वाळवलेला घरात ठेवणं, सगळा गुन्हा. आमच्याकडे वाघाचं नख किंवा मिशी कोणाजवळ निघाली तर काय होते ते प्रत्येकाला माहीत आहे, घोडामाशाचं मात्र कोणाला माहीत नाही, आणि हे मला खरंच टोचते, कारण माहीत नसताना माणूस शोभेची वस्तू म्हणून हौसेने घेऊन येते.

तर समुद्रकिनारी फिरायला गेलात आणि शंख-शिंपल्यांसोबत वाळका घोडामासा दिसला, किंवा आपल्याच आठवडी बाजारात, जत्रेत कोणी दम्यावरचं औषध म्हणून, घरात पैसा टिकावा म्हणून पुडीत बांधून देत असला, तर घेऊ नका. त्याने दमा जातो याला पुरावा नाही, दम्याच्या माणसाला सरकारी दवाखान्यात न्या. कोणी एक्वेरियमसाठी जिवंत आणून देतो म्हणाला तरी नाही म्हणा, एक तर कायद्याने बंदी आणि दुसरं, खाडीचं मचूळ पाणी कुडाला चालते पण आपल्या बोअरचं गोडं पाणी अजिबात चालत नाही, आणि मामा तलावात सोडला तर तो जगणारच नाही.

विकताना कोणी दिसलं तर महाराष्ट्र वन विभागाचा हॅलो फॉरेस्ट नंबर १९२६ आहे, त्यावर जागा आणि वेळ सांगा. दुरून फोटो मिळाला तर बरंच, आणि फोटो काढताना अख्खा मासा बाजूने येऊ द्या, डोक्याचा एक वेगळा जवळून, आणि शेजारी नाणं किंवा पेन असेल तर मापही कळते. रंग बिघडलेला असला तरी चालेल.